तोट्या कुणी काढल्या?

हरकतकाका जिना चढून वर आले, तेव्हा भावोजी मेहुणीच्या ऑफिसात बसून चहात बिस्किट बुडवत होते. काकांना पाहून ते असे दचकले की बिस्किट तुटून कपातच राहिलं. काका कुणाच्या दारात गेले तर भांडायलाच, हे अख्ख्या वस्तीला पाठ होतं. या आठवड्यात मात्र अख्खी वस्तीच त्यांच्याशी भांडायला टपली होती.

"इथे चोऱ्या शोधून देतात ना?" काकांनी दारातूनच विचारलं.

"चोर शोधतो. चोऱ्या आधीच झालेल्या असतात," धाकटी म्हणाली. "या, बसा."

धाकटी म्हणजे भावोजींच्या बायकोची, थोरलीची, लहान बहीण. माहेरी सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि पन्नाशी उलटली तरी ते नाव काही मोठं झालं नव्हतं. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवून तिने स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं होतं. दोन खोल्या, एक कपाट, आणि निवृत्त झाल्यापासून रोज 'मदतीला' येणारे भावोजी, एवढा तिचा पसारा.

"मला चोर शोधून नकोय," काका खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. "मी चोर नाही, एवढंच सिद्ध करून हवंय."

"पाण्याचं म्हणताय?"

"दुसरं काय? वस्तीची ती वार्षिक धाव झाली रविवारी. तेव्हापासून माझ्या दुकानात खिळासुद्धा घ्यायला कुणी फिरकलेलं नाही. येत्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे. सगळ्यांसमोर मला उभं करणार म्हणे."

भावोजींनी नजर कपात घातली. बैठकीच्या प्रस्तावाला सर्वांत आधी त्यांनीच हात वर केला होता.

"तुमच्यावरच संशय का?"

"मी हरकत घेतली म्हणून. रस्ता बंद करायला हरकत, भोंग्याला हरकत. शिवाय मागच्या महिन्यात चारचौघांत बोलून गेलो, की चढावर पाणी मिळालं नाही तर यांची धाव आपोआप थांबेल." काकांनी हात पसरले. "आता ते झालं खरं."

"आणि त्या सकाळी बेकरीवाल्याने तुम्हाला बागेच्या फाटकापाशी पाहिलं."

"दूध आणायला चाललो होतो."

"डेअरी चढाच्या खाली आहे, काका. फाटक वर."

काकांनी डेअरीचा विषय हातानेच झटकला. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "वस्तीचं काही नाही हो. वस्ती माझ्यावर नेहमीच चिडलेली असते. पण माझी नात धावली त्या दिवशी. बुटाची नाडी सुटलेली, घसा कोरडा, तशीच चढ चढत होती बिचारी, आणि फाटकाशी येऊन मटकन खाली बसली. आता ती माझ्यासमोर जेवायला बसते, पण मीठ हवं असलं तरी मागत नाही. उठून स्वतः घेते."

धाकटीने त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग म्हणाली, "काम घेतलं. फी बैठकीनंतर बोलू."

काका गेल्यावर भावोजी फणकारले. "अगं, यानेच केलंय ते. तू काय त्याची बाजू घेतेस?"

"बाजू नाही, काम घेतलंय. आणि तुम्ही तर तिथेच होतात. सांगा बघू नीट, काय काय झालं ते."

भावोजींना हे मनापासून सांगायचंच होतं. दरवर्षी ते पाण्याच्या थांब्यावर उभे राहत. धावणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, पण धापा टाकत येणाऱ्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा आणि त्याने धावता धावता मान हलवून पुढे जायचं, यात त्यांना वर्षभर पुरेल इतका आनंद मिळे. थांबा चढाच्या मध्यावर, बागेच्या फाटकाबाहेर. तिथे सावली नाही, आणि पाय जड होतात ते नेमके तिथेच.

"कॅन दरवर्षीप्रमाणे लॉन्ड्रीवाल्यांनी दिलेले. आदल्या संध्याकाळीच आणून फाटकाच्या आत ठेवले. धुऊन आणलेत, नुसते भरा, म्हणाले. सकाळी उजाडता उजाडता मी आणि बेकरीवाल्याने बागेच्या नळाला पाइप लावून सगळे भरले. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ओळीने निळे कॅन. हा बघ फोटो, थोरलीला दाखवायला काढला होता."

धाकटीने फोन हातात घेतला. निळे कॅन, त्यांवर लाल झाकणं, खाली काळ्या तोट्या. टोकाला स्टीलचं मोठं पिंप.

"हे पिंप?"

"ते हेडबाईंनी शाळेतून आणवलं. तेही त्याच पाइपने भरलं. मग बेकरीवाल्याने पहिल्या कॅनमधून किटलीत पाणी घेऊन स्टोव्हवर चहा चढवला. चहा उकळला, आलंबिलं घालून झालं, आता ओतणार, तेवढ्यात मैदानातून भोंग्यावर पुकारा झाला की सगळ्या स्वयंसेवकांनी फोटोसाठी या. सगळे पळाले."

"तुम्हीही?"

भावोजी कान खाजवू लागले. "मला हेडबाईंनी राखणीला थांबायला सांगितलं होतं. पण दरवर्षी फोटोत मी नसतो गं. म्हटलं, कोपऱ्यात उभा राहून लगेच येतो. परत आलो तर कॅन रिकामे. एकालाही तोटी नाही. बरं, तेवढ्यावर भागलं नाही त्या दुष्टाचं. चहाही ओतून दिलेला. किटली घासून, पालथी घालून ठेवलेली. थेंबभर चहा मिळाला नाही मला."

"आणि पिंप?"

"पिंप होतं भरलेलं. ते पहिल्या लोंढ्यातच संपलं. बागेचा नळ करंगळीएवढा. मागून येणाऱ्यांचे हाल झाले. ती लॉन्ड्रीवहिनी देवासारखी धावून आली म्हणून निभावलं. आम्ही डोक्याला हात लावून उभे होतो, तोच ती घरातली पातेली, बादल्या, कळश्या हातगाडीवर घालून हजर. त्यानंतर शेवटचा माणूस जाईपर्यंत नळापासून टेबलापर्यंत तिने खेपा घातल्या. तोंडातून शब्द नाही. रडत होती गं ती, दुसऱ्यांच्या पोरांसाठी."

धाकटीने पर्स उचलली. "चला, तो थांबा बघू."

फाटकाबाहेर आता नेहमीचाच शांत रस्ता होता. टेबल लागलं होतं त्या जागेला लागूनच गुलाबांचा वाफा होता, नुकती फुलं धरलेला. धाकटी वाकून पानंबिनं बघत बसली.

"फुलं नंतर बघ," भावोजी म्हणाले.

"ओतलेलं पाणी कुठे गेलं, भावोजी? टेबलाजवळ चिखल झाला होता?"

"नाही. टेबल कोरडं होतं. ओलं होतं ते पलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला. ती गटाराची जाळी आहे ना, तिथे."

धाकटी रस्ता ओलांडून जाळीपाशी उकिडवी बसली. लोखंडी गज तांबूस गंजाने खडबडीत झाले होते. पण एका बाजूचे काही गज मात्र कुणी घासून ठेवल्यासारखे लखलखत होते. तिने जाळीला हात लावला नाही. नुसतीच पाहत राहिली.

"नगरपालिकेने गंज काढायला घेतला असेल," भावोजी म्हणाले.

"अर्धाच?"

"नगरपालिका आहे गं ती."

बेकरीवाला भट्टीतून पाव काढत होता. माणूस बडबड्या, आणि सध्या भलताच तापलेला. "काकांना मी डोळ्यांनी पाहिलं, बाई. फोटोला धावत निघालो तर हे फाटकाच्या भिंतीआड. हातात पिशवी. मला बघून तोंड फिरवलं आणि बागेच्या मागच्या बाजूला सटकले."

"पिशवी केवढी होती?"

"भाजीची असते तेवढी."

"इतके कॅन उचलून रस्त्यापलीकडे नेण्याइतका दम आहे त्यांच्यात?"

बेकरीवाला पावाचा पत्रा खाली ठेवून विचारात पडला. "गेल्या महिन्यात रंगाचा डबा उचलताना कंबर धरली होती त्यांची. मीच घरी सोडलं रिक्षाने. पण रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते करतो."

"किटली कशी सापडली तुम्हाला?"

"तेच तर नवल. चकचकीत. माझ्या घरी बायकोसुद्धा इतकी घासत नाही. बागेतल्या शेकोटीची राख वापरली होती, आत-बाहेर. सांडशीसुद्धा धुतलेली. केळी, साखर, लिंबं मात्र जशीच्या तशी. एका लिंबालाही धक्का नाही."

धाकटीने त्याच्याकडून पाव घेतला, आणि तो नको नको म्हणत असताना पैसेही दिले.

हेडबाई निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या दिवाणखान्यात शिरताना भावोजींनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. बाईंनी आधी त्यांनाच धारेवर धरलं.

"तुम्ही जागेवर असता तर हे घडलंच नसतं."

"खरं आहे, बाई."

"काकांशी माझं वैर नाही," हेडबाई धाकटीला म्हणाल्या. "पण पाणी तोडणं मला सहन होत नाही. शाळेत मी मुलांना हीच एक गोष्ट कधी कमी पडू दिली नाही."

"तुमच्या पिंपाला हात का लावला नसेल, बाई? त्याला तर नुसती तोटी सोडली असती की काम झालं असतं."

हेडबाईंनी चष्मा काढला. "वेळ मिळाला नसेल."

"किटली राखेने घासायला मिळाला."

हेडबाई चष्म्याच्या काचा पुसू लागल्या. विद्यार्थ्याने अवघड प्रश्न विचारला की त्या असंच करत असाव्यात, असं भावोजींना वाटून गेलं.

"लॉन्ड्रीवहिनींना निरोप कुणी दिला होता?" धाकटीने उठता उठता विचारलं.

"निरोप कसला? आम्हालाच तेव्हा कळत होतं. ती आपली आपणच आली. माणुसकी असते एकेकात."

लॉन्ड्री बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होती. पुढे काउंटर, मागे धुलाईची जागा, आणि त्यामागे उघडं अंगण. दुपारचं ऊन थेट काउंटरवर पडलं होतं. लॉन्ड्रीवाले समोरच उभे होते. भावोजी हसून त्यांच्यासमोर उभे राहिले, पण पलीकडून ओळखीचं हसू काही आलं नाही.

"कोण हवंय?" लॉन्ड्रीवाल्यांनी विचारलं.

"अहो, मी."

"अरे, भावोजी होय. या या. कामात होतो, लक्षच नव्हतं." त्यांनी लगेच काउंटरची फळी वर केली. "तुमचा शर्ट तयार आहे."

"उजवीकडून तिसरा हूक," आतून वहिनींचा आवाज आला.

लॉन्ड्रीवाल्यांनी हूकांवरून हात फिरवत तिसऱ्यावरचा शर्ट काढला, कॉलर बोटांनी चाचपली, आणि भावोजींच्या हातात ठेवला. "कडक आहे की नाही? मी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. इस्त्री बोटांना कळते."

भावोजींना त्यांच्या कसबाचं फार कौतुक वाटलं.

"कॅन बघायला मिळतील का?" धाकटीने विचारलं.

"ते गेले हो. हिने त्याच दिवशी मोडीत देऊन टाकले. नजरेसमोर नकोत म्हणाली. हिरव्या झाकणांचे चांगले धुतलेले कॅन होते, मी स्वतः निवडून काढलेले. वर्षातून एकदा लोकांच्या उपयोगी पडायचं, त्यात हे असं." त्यांचा आवाज जड झाला. "माझ्या वडिलांपासून त्या थांब्याला आमचे कॅन जातात."

मागच्या बाजूला वहिनी हॉस्पिटलच्या चादरी घेऊन बसल्या होत्या. लोखंडी खाटांच्या गंजाचे तांबूस ठिपके प्रत्येक चादरीवर पडले होते. रबरी हातमोजे घालून त्या एका वाडग्यातल्या पाण्यात बोळा बुडवून ठिपक्यांवर दाबत होत्या, आणि ठिपका बघता बघता नाहीसा होत होता. भिंतीशी निळ्या कॅनची रांग होती. हिरव्या झाकणांचे बरेच, लाल झाकणांचे टोकाला दोनच.

"वा, जादूच आहे," म्हणत भावोजींनी वाडग्याकडे बोट नेलं.

वहिनींनी त्यांचं मनगट असं पकडलं की भावोजी कळवळले. ओल्या चादरींची टोपली रोज एकटीने उचलणारा हात होता तो.

"हात नका लावू, भावोजी. डागांचं औषध आहे. पोटात गेलं तर..." त्या थांबल्या. मग हळूच हात सोडला. "वास नाही, रंग नाही, म्हणून माणूस फसतो."

"औषध लाल झाकणाच्या कॅनमधलं?" धाकटीने सहज विचारलं.

वहिनींनी मान हलवली. पुन्हा चादर ओढून घेतली, पण आता त्या जिथे डाग नव्हता तिथेच बोळा दाबत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर भावोजी म्हणाले, "झालं सगळ्यांना विचारून. आता तरी मान्य कर की काकाच."

"भावोजी, रविवारी बैठकीला तुमच्या फोनमधला तो फोटो लागेल. जपून ठेवा." तिने त्यांच्या हातातल्या शर्टाकडे पाहिलं. "आणि हा शर्ट आज घालू नका. रविवारी घाला. त्या दिवशी तुम्ही नीटनेटके दिसायला हवेत."

"का?"

"पुनर्जन्माच्या दिवशी माणसाने बरे कपडे घालावेत."

भावोजींना ते कळलं नाही. मेहुणीची थट्टा समजून त्यांनी सोडून दिलं.

रविवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत हेडबाई. काका एका बाजूला एकटेच, आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. त्यांची नात मैत्रिणींबरोबर पार दुसऱ्या टोकाला. लॉन्ड्रीवाले आणि वहिनी मागे भिंतीशी बसले होते.

धाकटी उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. ती घरात बोलावं तशी बोलू लागली.

"सगळे विचारतात, पाणी कुणी ओतलं. मी आधी वेगळंच विचारलं. तोट्या कुणी काढल्या? पाणी संपवायचं असेल तर कॅन रिकामा करून माणूस निघून जाईल. तोटी कशाला काढायची? रिकामा कॅन पुन्हा नळाखाली धरता येतो, म्हणून. त्या माणसाला पाणी संपवायचं नव्हतं. तो कॅन कुणी परत वापरू नये, एवढंच त्याला हवं होतं."

"म्हणजे तेच ना," बेकरीवाला म्हणाला. "धाव बंद पाडायची."

"मग पिंपाला का सोडलं? पिंप त्याच नळाचं, त्याच पाइपने भरलेलं. म्हणजे पाण्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार कॅनबद्दल होती. आणि तुमचा चहा? धाव बंद पाडणारा चहा ओतत बसतो? ओतला तर ओतला, किटली राखेने घासतो? तुम्ही चहाचं पाणी कुठून घेतलं होतं?"

"पहिल्या कॅनमधून," बेकरीवाला म्हणाला, आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"जे जे कॅनमध्ये गेलं, ते ते फेकलं. जे कॅनला शिवलं नाही, ते तसंच ठेवलं. केळी, लिंबं, साखर, पिंप. बरं, फेकलं कुठे? टेबलाला लागून गुलाबांचा वाफा आहे. तिथल्या तिथे ओतता आलं असतं. पण ते भरलेले कॅन रस्त्यापलीकडे गटाराच्या जाळीपर्यंत उचलून नेले. ओतणाऱ्याला गुलाबांचीही काळजी वाटावी, असलं पाणी होतं ते. तिथे ती जाळी अजून साक्ष देतेय. गंजलेल्या जाळीचे पाणी पडलेले गज लखलखीत झालेत."

मागच्या रांगांतली माणसं पुढे सरकून बसली.

"गंज कशाने जातो, ते मी परवा पाहिलं. कपड्यांवरचे डाग काढायचं औषध. वास नाही, रंग नाही. चव आंबट, आणि तुम्ही तर त्यात लिंबू पिळणार होतात. कुणालाही कळलं नसतं. भावोजी, तो फोटो दाखवा. कॅनची झाकणं कुठल्या रंगाची आहेत?"

"लाल," भावोजी म्हणाले. त्यांनी फोन सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "पण लॉन्ड्रीवाले तर हिरवी म्हणाले होते."

"त्यांनी हिरवी म्हणूनच दिली होती. त्यांचं मन स्वच्छ आहे. चूक अंधुक उजेडात झाली, कुणाच्याही हातून होते तशी. तळाशी औषधाचा थर राहिलेले कॅन गेले, धुतलेले घरीच राहिले. आणि त्या सकाळी कुणाच्या तरी ते लक्षात आलं. ती व्यक्ती जिवाच्या आकांताने चढ चढून आली, तेव्हा थांब्यावर कुणीही नव्हतं. ज्यांनी असायला हवं होतं ते फोटोत होते."

भावोजींनी मान खाली घातली.

"तिने एकटीने सगळं ओतलं, तोट्या काढल्या, किटली घासली, घरी पळाली, भांडी घेऊन परत आली. तुम्ही अजून काय झालं म्हणून एकमेकांना विचारत होतात, तोवर ती दुसरं पाणी भरायला लागलेली होती. तिला निरोप कुणी दिला नव्हता. द्यायची गरजच नव्हती." धाकटीने नजर मुद्दाम समोरच ठेवली. "ती इथे बसली आहे. नाव मी घेणार नाही. घ्यायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल. माझ्या अशिलाने काही केलेलं नाही, एवढंच सांगायला मी उभी आहे."

मागे खुर्ची सरकली. वहिनी उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"मीच," त्या म्हणाल्या. "तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सगळे ओरडत होते, आणि हेही मागोमाग तिथे येऊन, मधे उभे राहून सगळ्यांना पाणी आणायला सांगत होते. कसं सांगणार? लाल आणि हिरवं ओळखू येत नाही का, असं कुणीतरी विचारलं असतं."

"मला येत नाही," लॉन्ड्रीवाले म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. ते बसूनच होते, हात गुडघ्यांवर.

"दीड-दोन वर्षं झाली. सगळं धुक्यातून दिसतं. माझ्या वडिलांचे डोळे असेच गेले. मला डॉक्टरकडे जायची भीती वाटते. हॉस्पिटलचं काम जाईल, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही." ते बायकोच्या आवाजाच्या दिशेने वळले. "तुला माहीत होतं?"

"हूक कुणी लावून दिले तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. "पण मुलांना पाणी मिळालं नाही हो. ती पोर खाली बसली."

"मी नाडी बांधायला बसले होते," काकांची नात दुसऱ्या टोकावरून म्हणाली. "म्हणजे, दमलेही होते. पण काकू, मला पाणी तुम्हीच दिलंत. कळशीतलं. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही."

भावोजी उठले होते, ते कधी उठले हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पहिला कप नेहमी त्यांचा असे. बेकरीवाला ओतणार आणि ते फुंकर न मारता घोट घेणार, हे ठरलेलं. आठवडाभर त्यांनी त्या न मिळालेल्या चहाबद्दल भेटेल त्याच्याकडे कुरकुर केली होती. ते मागे भिंतीपर्यंत चालत गेले आणि वहिनींसमोर हात जोडून उभे राहिले.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "माझ्या वतीने, आणि थोरलीच्याही."

मग रीघच लागली. बेकरीवाला आला आणि नुसताच डोळे पुसत उभा राहिला. ज्यांची मुलं धावली होती ती माणसं आली. हेडबाई मात्र आधी काकांकडे गेल्या. त्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं वस्तीला आठवत नव्हतं, त्यामुळे त्या काय करताहेत हे कळायला लोकांना वेळ लागला.

"मी चुकले," हेडबाई म्हणाल्या.

"हरकत नाही," काका म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. हॉल हसला, आणि मग काकाही ओशाळून हसले.

"एक राहिलंच," धाकटी म्हणाली. "काका, सुटलेली नाडी फाटकाच्या आसपास असणाऱ्यालाच दिसली असती. पिशवीत काय होतं?"

काकांनी छताकडे पाहिलं. "टॉवेल. आणि ग्लुकोजची बिस्किटं. देईन म्हटलं होतं, पण एवढा विरोध केल्यावर कुठल्या तोंडाने देणार? बागेच्या मागून फिरून परत भिंतीआड येऊन थांबलो."

नात मैत्रिणींमधून उठून आली. "आजोबा, तुम्ही मला बघायला आला होतात?"

"रस्ता सार्वजनिक आहे," काका म्हणाले. "माझी हरकत धावेला होती, धावणाऱ्यांना नाही."

ती त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

घरी जाताना भावोजींनी विचारलं, "धाकटे, वहिनी उभ्याच राहिल्या नसत्या तर?"

"तर मी नाव घेतलं नसतं. काका सुटले असते. तेवढंच माझं काम होतं."

"आणि तुझी फी?"

"काकांनी विचारलं. म्हटलं, ऑफिसच्या दाराची कडी करकरते, तेवढी बसवून द्या. म्हणाले, तुमच्या दारालाच हरकत आहे, सबंध बदलावं लागेल."

लॉन्ड्रीवाल्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं ते भावोजींनीच. त्यांनी ते काम कुणाला करू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकलेला. वडिलांचाही बहुधा तोच असणार, तेव्हा कुणी वेळेवर काढला नाही. हॉस्पिटलवाल्यांनी काम काढून घेतलं नाही. उलट ऑपरेशनचा दिवस तिथल्याच मेट्रनबाईंनी लवकरचा मिळवून दिला. लॉन्ड्रीत त्या आठवड्यात बेकरीवाल्याची बायको काउंटरवर बसली, आणि औषधाचे कॅन हेडबाईंनी स्वतः उभं राहून कुलपाच्या खोलीत ठेववले.

पट्टी निघाली तेव्हा खोलीत वहिनी, भावोजी आणि थोरली होती. धाकटी दाराशी उभी होती.

"हळूहळू उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय दिसतंय?"

लॉन्ड्रीवाल्यांनी डोळे मिचकावले. खिडकी पाहिली. भावोजींकडे पाहून, "पोट सुटलं की हो तुमचं," म्हणाले. थोरलीला हसू आवरेना. मग त्यांची नजर वहिनींवर गेली आणि तिथेच थांबली. ती तिथून हलेचना, तेव्हा वहिनी घाबरल्या.

"अहो, दिसतंय ना?"

"तुझे केस," ते म्हणाले. "एवढे पांढरे कधी झाले?"

"तुमच्याच चादरी धुता धुता," वहिनी म्हणाल्या आणि हात केसांकडे नेला, झाकावेत तसा.

त्यांनी तो हात धरून हळूच खाली आणला.

"आता थोडा वेळ डोळे मिटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी ताण नको."

"मिटतो," लॉन्ड्रीवाले म्हणाले. "एवढं बघून घेतो, मग मिटतो."